बिनतिकिटाचा उतारू

गावाकडे जाताना काय न्यावे, ह्या प्रश्नावर आमच्या घरी दर दिवाळीला एक लहानसे युद्ध होते. सौ. म्हणते, बाकरवडी न्यावी; ती टिकते आणि सर्वांना आवडते. मुले म्हणतात, फटाके न्यावेत. माझे मत असे की, आईला हवे असेल ते न्यावे. ह्या मताची अडचण एवढीच की, आईला कधी काही हवेच नसते. "तू आलास, झालं की," असे म्हणून ती विषय संपवते. मग तिला काय आवडेल ह्याचा तर्क करीत मी पुण्याच्या बाजारातून हिंडत राहतो. २००७ सालच्या दिवाळीत असाच तर्क करीत मी एका रोपवाटिकेत शिरलो, आणि पुढची दोन वर्षे आमच्या गल्लीला ज्या भानगडीने छळले तिचा आरंभ तेथे झाला.

आमचे घर चाकूरला. लातूरहून नांदेडकडे निघाले की वाटेत लागणारे हे तालुक्याचे गाव. काळी जमीन, तूर, सोयाबीन, ज्वारी, आणि पावसाची वाट पाहणारी माणसे. घर जुने, माळवदाचे. पुढे ओसरी, ओसरीपुढे अंगण, अंगणात आड, आणि आडाच्या कडेला सांडपाण्यावर वाढलेली तांबडी जास्वंद. ती वडिलांनी लावलेली. रोज सकाळी तिची पाच फुले देव्हाऱ्यात जात. आडाला पाणी असो नसो, आईने भांडी विसळलेले पाणी ह्या झाडाला चुकवले नाही. वडील गेले त्या वर्षीही ते झाड भरभरून फुलले. त्याचा आईला आधी राग आला होता आणि मग आधार वाटला होता.

तेव्हा तांबड्या जास्वंदीला जोडीदारीण म्हणून एक गुलाबी, दुहेरी पाकळ्यांची जास्वंद न्यावी, असे माझ्या मनात आले. रोपवाटिकेतल्या माळ्याने एक कुंडी पुढे केली. रोप मोठे गुटगुटीत होते. फक्त एका पानाच्या बेचक्यात कापसाचा कण चिकटल्यासारखे काहीतरी पांढरे दिसत होते. मी ते अंगठ्याने पुसले. अंगठा किंचित चिकट झाला. तो रुमालाला पुसला आणि पैसे दिले. ह्या सगळ्या प्रकरणातली माझी स्वतःची कामगिरी म्हणाल तर एवढीच.

कुंडी दोन पायांत धरून मी एस.टी.ने रात्रभर प्रवास केला. कंडक्टरने झाडाकडे पाहून "ह्याचं अर्धं तिकीट काढता का?" असा विनोद केला, मीही हसलो. झाडाचे तिकीट काढले नाही हे ठीक होते. पण त्या झाडावर बसून आणखी कोणी प्रवास करीत होते, हे ना कंडक्टरला ठाऊक होते, ना मला.

आईला गुलाबी जास्वंद आवडली. आणि आईला एखादी गोष्ट आवडली म्हणजे ती एकटीपुरती ठेवणे तिला जमत नाही. तिच्या अंगणातल्या मोगऱ्याच्या, तगरीच्या, गवती चहाच्या लेकी-नाती साऱ्या गल्लीत नांदत आहेत. त्या संक्रांतीला तिने हळदीकुंकवाला वाण म्हणून गुलाबी जास्वंदीच्या फांद्या लुटल्या. सात घरी सात फांद्या गेल्या. फोनवर मला सांगताना तिच्या आवाजात एवढे समाधान होते की, कुंडी आणल्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मे महिन्यात गेलो तेव्हा अंगणात पाऊल टाकताच मी थबकलो. तांबड्या जास्वंदीवर कोणी पिठाची परात उपडी केली असावी असे दिसत होते. शेंड्याची पाने मुडपून गोळा झालेली, कळ्या उमलण्याआधीच गळलेल्या, फांद्या पांढऱ्या पुटाने भरलेल्या. खालच्या पानांवर चिकट ओल आणि त्या ओलीवर काजळी धरल्यासारखी काळी बुरशी. खोडावरून मुंग्यांची रांग वर जात होती, दुसरी खाली येत होती. कुंडीतली गुलाबी जास्वंद तर वाळून काटकी झाली होती.

"काय बघूलालास?" आई म्हणाली. "दोन महिने झाले. धुवावं तर परत येतंय. देवाला फूल नाही की काही नाही."

आणि मग हळू आवाजात म्हणाली, "काकूची भेंडी गेली रे."

शेजारच्या काकूंच्या परसात भेंडीच्या चार ओळी असत. उन्हाळ्यात भेंडीला भाव असतो. आठवडी बाजारात ती विकून काकूंचे वरखर्चाचे भागे. त्या चारही ओळी पांढऱ्या झाल्या होत्या. काकूंच्या आणि आमच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्या भिंतीवरून गेली तीस वर्षे वाट्यांची ये-जा चालू होती. पावसाळा सुरू झाला की काकूंच्या हातची, ज्वारीच्या कण्या घातलेली अंबाडीची भाजी भिंतीवरून यायची, आणि वाटी रिकामी परत पाठवायची नाही म्हणून आईचे काहीतरी जायचे. त्या मे महिन्यात भिंतीपलीकडून मला "कधी आलास?" एवढेसुद्धा कोणी विचारले नाही.

माझा एक वर्गमित्र परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकून आलेला. त्याला बोलावले. त्याने खिशातून भिंग काढले आणि एक पान उलटे करून माझ्या डोळ्यापुढे धरले. भिंगाखाली जे दिसले ते, खरे सांगतो, देखणे होते. लांबट वाटोळे, मेणाची भुकटी अंगभर माखलेले किडे, कडेने मेणाची आखूड झालर, आणि पाठीवर गडद डागांच्या दोन ओळी. सोंड पानात खुपसून सगळे निवांत बसलेले. "हा पिठ्या ढेकूण," मित्र म्हणाला. "पण आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतला."

त्याची हकीगत मोठी आहे. १८९८ साली टिन्सले नावाच्या शास्त्रज्ञाने न्यू मेक्सिकोत मुंग्यांच्या वारुळात, झाडाच्या मुळांवर सापडलेल्या ह्या किड्याचे प्रथम वर्णन केले. त्या मुंग्यांच्या नावावरूनच त्याला 'सोलेनॉप्सिस' हे नाव मिळाले. पुढे शंभर वर्षे त्याने जगाला फारसा त्रास दिला नाही. मग २००५-०६ च्या सुमारास तो गुजरातेत आणि पंजाबात कपाशीवर उठला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कपाशी पिकवणाऱ्या नऊ राज्यांतून नमुने गोळा करून पाहिले, तेव्हा बहुतेक सगळीकडे हाच एक परदेशी किडा निघाला. तो समुद्र ओलांडून नेमका कसा आला ह्याचा कोणी पंचनामा केलेला नाही. पण असले किडे कुंड्यांतून, कलमांतून आणि शोभेच्या रोपांतून देशोदेशी जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. मादीला पंख नसतात. ती जन्मभर जेथल्या तेथे रस पीत बसते आणि दीडशेपासून सहाशेपर्यंत पिल्ले घालते. नराला पंख असतात, पण तोंडच नसते. बिचारा लग्नापुरता जगतो आणि उपाशी मरतो. प्रवास करतात ती पिल्ले. ती इतकी बारीक की वाऱ्यावर उडतात, धोतराच्या काठाला चिकटतात, फांदीबरोबर वाण म्हणून जातात. मुंग्या त्यांची राखण करतात, कारण किड्याच्या अंगातून गळणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो. गवळ्याने म्हैस सांभाळावी तसा हा व्यवहार आहे.

"पण जास्वंदीवरून भेंडीवर कसा गेला?" मी विचारले.

"एकाच कुळातली आहेत की," मित्र म्हणाला. "जास्वंद, भेंडी, अंबाडी, कपाशी, सगळ्या चुलत बहिणी. त्याला एक घर सापडलं की सगळं नातं सापडतं. आणि नात्यातलं कोणी नसलं तर तो गाजरगवतावर दिवस काढतो."

गाजरगवत तर आमच्या नालीच्या कडेने माणसाएवढे माजलेले. तेही अमेरिकेचेच. पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास ते प्रथम नजरेस आले. परदेशी गव्हाबरोबर आले असे जुनी माणसे सांगतात. म्हणजे एका पाहुण्याने दुसऱ्यासाठी अंथरूण आधीच घालून ठेवले होते.

समोरच्या घरातले आबा काठी टेकत बघायला आले. त्या वेळी त्यांची ऐंशी उलटली होती. त्यांनी एक किडा चिमटीत चिरडला, बोट उन्हात धरून पाहिले आणि म्हणाले, "हा तो नव्हं. त्याचं रगत लाल." आबांच्या वडिलांच्या वेळी निजामाच्या राज्यात शेतांना फड्या निवडुंगाची कुंपणे होती, आणि ती माजून वाटा अडवीत. मग निवडुंगावर असेच पांढरे पीठ पडले आणि निवडुंग कुजून गेला, असे त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकले होते.

आबांचे म्हणणे मी मागाहून पुस्तकांत ताडून पाहिले. तो किडा किरमिजाच्या जातीचा. किरमिजाच्या तांबड्या रंगाचा व्यापार हाती यावा म्हणून १७९५ साली ब्राझीलहून तो बंगालमध्ये आणला गेला. आणणाऱ्याने चुकून भलतीच जात आणली. तिचा रंग अगदी हलका निघाला, पण त्या जातीने एका प्रकारचा निवडुंग पार खाऊन टाकला. पुढे १९२६ साली दुसऱ्या निवडुंगाचा बंदोबस्त करण्यासाठी श्रीलंकेहून तिची एक बहीण मुद्दाम आणली, आणि तिने दक्षिणेतली रानेच्या राने मोकळी केली. म्हणजे रस पिणारा परका किडा नेहमी शत्रूच असतो असे नाही; तो कोणाच्या अंगणात बसला आहे, त्यावर ते ठरते. अर्थात ही विद्वत्ता त्या दिवशी काकूंपुढे पाजळण्याची माझी छाती नव्हती.

मग मी दुसरी चूक केली. शिकलेल्या माणसाला काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही. मित्र "थांब, साबणाच्या पाण्याने धू, निंबोळीचा अर्क मार" असे सांगत असताना मी बाजारातून एक जालीम औषध आणले आणि आई देवळात गेली असताना झाडावर फवारले. मेणावरून औषध ओघळून गेले. दोन दिवसांनी पाहतो तर पिठ्या जागच्या जागी, आणि त्याला खाणारे तांबडे ठिपकेदार ढालकिडे झाडाखाली मरून पडलेले. आईने ते पाहिले. ती मला रागावली नाही. "आडाचं पाणी पितो ना रे आपण?" एवढेच म्हणाली. मी उरलेली बाटली बांधून ठेवली.

त्या संध्याकाळी आईने विचारले, "त्या सात फांद्यांचं काय?"

मला तिचा रोख लगेच कळला नाही. मित्राने मान हलवली. जेथे जेथे फांदी लागली असेल तेथे तेथे हा असणार, तो म्हणाला. काढून जाळायला हव्यात.

वाण कोणी परत मागते का? दिलेले वाण परत मागणे म्हणजे सवाष्णीच्या कपाळाचे कुंकू पुसायला जाण्यासारखेच की. शिवाय आई स्वतः वैधव्य आलेली. हळदीकुंकू तिने वहिनीच्या हातून करविले होते. मी म्हटले, "मी जातो. कुंडी मी आणली."

"तू दोन दिवसांनी पुण्याला जाशील," आई म्हणाली. "फांद्या मी दिल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हे चढायच्या आत ती घमेले घेऊन निघाली. मी मागे मागे. पहिल्या घरी तिने सांगितले, "माझ्या लेकानं आणलेल्या झाडाला रोग हाय. ते तुमच्या घरात मी घातलं. उपटून देता का?" हे वाक्य तिने सात वेळा म्हटले आणि एकदाही त्यातला एक शब्द कमी केला नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून ते सात वेळा ऐकले. कोणी हसून रोप दिले, कोणी "राहू द्या की, आमचं चांगलं हाय," म्हणून अडून बसले, तेव्हा आईने पान उलटून दाखवले. एका घरी सुनेने पटकन विचारले, "म्हणजे आमच्या भेंडीवर तुमच्यामुळंच आलं?" आई "हो" म्हणाली.

खरे म्हणजे हे कोणी शपथेवर सांगू शकले नसते. कीड त्या साली मुलखात पसरलेलीच होती. वाऱ्यानेही आली असती, बाजारातल्या एखाद्या रोपावरूनही. मित्राने तसे म्हणूनही पाहिले. पण मला माझा चिकट अंगठा आठवत होता.

सातवे घर काकूंचे. भेंडीच्या ओळी त्यांनी आधीच उपटल्या होत्या. कुंपणाशी लावलेली फांदी काकूंनी स्वतः उपटली आणि आईच्या हातात न देता भिंतीवर ठेवली. बोलल्या काहीच नाहीत.

गावाबाहेर नेऊन ते घमेले रॉकेल घालून जाळले. परत आल्यावर आईने वडिलांच्या जास्वंदीपुढे कुऱ्हाड ठेवली आणि मला म्हणाली, "खालून वीतभर ठेव." मी तोडले. ह्याहून अधिक त्याविषयी मला लिहिता येत नाही.

पावसाळ्यात बुंध्याला फूट आली. पावसाने पिठ्याही धुऊन गेला, आणि संकट टळले असे वाटू लागले. पण ऑक्टोबरचे ऊन तापले तसा तो नालीकाठच्या गाजरगवतातून पुन्हा वर आला. २००८ च्या दिवाळीत जास्वंदीच्या कोवळ्या फुटव्यावर पांढरे पीठ होते, काकूंच्या अंबाडीच्या शेंड्यांवरही होते, आणि भिंतीवरून फराळाचे ताट ना इकडून तिकडे गेले, ना तिकडून इकडे आले. आईने ताट भरून ठेवले होते, पण ते आमच्याच स्वयंपाकघरात राहिले. त्या वर्षी मी काही न नेता गेलो होतो. एस.टी.तून उतरल्यावर आईने माझ्या पिशवीत डोकावून पाहिले तेव्हा मला हसावे की रडावे कळेना.

वर्षभर आईचा नेम चालू राहिला. साबणाच्या पाण्याचा तांब्या, जुन्या लुगड्याचा बोळा, एकेक पान वरून-खालून पुसायचे. खोडाभोवती मुंग्यांना अडवायला तिने राखेचे आळे केले. वहिनीने गाजरगवत फुलायच्या आत उपटून नाली साफ केली. कीड पुरती गेली नाही. पण झाड तगून राहिले.

२००९ च्या दिवाळीत मी पोचलो त्याच दिवशी आई म्हणाली, "आता हे काय नवीन आलंय बघ." पांढऱ्या पिठ्यांच्या मध्ये मध्ये तांबूस तपकिरी, टणक, फुगीर दाणे दिसत होते. नखाने टोकरले तर करकरत होते. काहींच्या एका टोकाला टाचणीने पाडल्यासारखे गोल भोक. मी घाबरून बोळा हातात घेतला. सवयच लागली होती. तेवढ्यात मित्र आला आणि जवळजवळ ओरडला, "पुसू नकोस!"

ते पिठ्याच होते, पण मेलेले. मुंगीहूनही बारीक अशी एक परजीवी गांधीलमाशी पिठ्याच्या अंगात अंडे घालते. आत अळी वाढते आणि पिठ्याला आतून खाते. त्याचे कातडे वाळून असा टणक दाणा बनतो. मग माशी भोक पाडून बाहेर पडते आणि पुढचा पिठ्या शोधते. ही माशी भारतात २००८ साली प्रथम दिसली. अलीगढच्या हयात ह्या शास्त्रज्ञांनी २००९ साली तिला नवी जात म्हणून नाव दिले. पुढे काही वर्षांनी कळले की, ती नवी नव्हतीच. अमेरिकेतल्या ॲरिझोनावरून जिचे नाव फार पूर्वी ठेवले गेले होते तीच ही. तिला कोणी सरकारी कागदपत्रे करून आणलेली नव्हती. ज्याच्या पाठीवर पिठ्या आला त्याच्याच पाठीवर, पिठ्याच्या पोटात बसून, तीही आली असणार. बिनतिकिटाच्या उतारूच्या आत आणखी एक बिनतिकिटाचा!

आईला मी हे समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. "म्हणजे हे दाणे चांगले?" तिने विचारले.

"चांगले. ह्यातून माशा निघतील. अशी एखादी डहाळी पिठ्या पडलेल्या झाडाला बांधली तर तेथेही पसरतील."

आईने भिंतीकडे पाहिले. मग ती आत गेली आणि फराळाची तयारी करू लागली. मला वाटले होते ती लगेच डहाळी तोडील. पण एकदा ह्या झाडाची फांदी भिंतीपलीकडे देऊन ती पोळली होती. दुसऱ्यांदा आपण होऊन देणे तिच्याने होईना. मी तोडायला गेलो तर "असू दे" म्हणाली.

पाडव्याच्या दिवशी दुपारी मी ओसरीवर पेपर वाचत पडलो होतो. भिंतीपलीकडे कोणीतरी खाकरले. काकू होत्या. माझ्याकडे न पाहता त्या जास्वंदीकडे पाहत म्हणाल्या, "तुमच्या मित्रानं म्हणे सांगितलंय, त्या झाडावर औषधाची माशी हाय म्हणून."

"आहे की काकू," मी उठून बसलो.

"आमच्या अंबाडीवर पांढरं लई पडलंय."

आई केव्हा बाहेर आली ते मला कळलेही नाही. तिने विळीवर एक डहाळी कापली, चांगली दाणे लगडलेली, उलटीपालटी करून निरखली, आणि पितळी वाटीत उभी ठेवून ती वाटी भिंतीवर ठेवली. काकूंनी ती पदराआड धरून नेली, वाऱ्याने माशा उडून जातील म्हणून.

संध्याकाळी वाटी परत आली. वर केळीचे पान झाकलेले होते. आईने ते उचलले. खाली अंबाडीची भाजी होती, कण्या घातलेली, वर लसणाची फोडणी. आईने वासावरूनच सांगितले, "मीठ कमी घातलंय. आंबट भाजीला मीठ कमी घालायची हिची खोड काही जात नाही."

मग वाटी घासून, पुसून तिने त्यात दोन अनारसे ठेवले.